ग्लुकोज स्ट्रिपसाठी सर्किट: आधी रेझिस्टरवर, मग स्ट्रिपवर

ग्लुकोमीटरचं सर्किट बांधणं अवघड नाही. दोन ऑप-अँप (लहान सिग्नल वाढवणारे ॲम्प्लिफायर) असलेली एक आयसी, एक एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप), एक व्होल्टेज रेफरन्स (ठरावीक व्होल्टेज देणारा भाग) आणि मूठभर रेझिस्टर एवढ्यात ते उभं राहतं. अवघड असतं ते त्यातून निघालेला आकडा खरा ठेवणं, आणि विदर्भात ते जरा जास्तच अवघड. मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो; बाजारातल्या बहुतेक मीटरांवर मात्र वापरासाठी १० ते ४० अंशांचाच पट्टा छापलेला असतो. पावसाळ्यात बोर्ड ओल धरतो. लाइट गेली-आली की सप्लाय उड्या मारतो. म्हणून इथे स्ट्रिप सगळ्यात शेवटी हातात घ्यायची. आधी सर्किट रेझिस्टरवर खरं करून घ्यायचं.

हे पॉलिटेक्निक, इंजिनिअरिंग किंवा बी.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी लिहिलं आहे. इथे बनलेल्या यंत्राच्या आकड्यावर कुणी इन्सुलिनचा डोस ठरवू नये. विकायच्या ग्लुकोमीटरला भारतात मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ लागू होतात, आणि अचूकतेचं प्रमाण आयएसओ १५१९७ च्या २०१३ च्या आवृत्तीत आहे: १०० मिग्रॅ/डेसिलिच्या खाली ±१५ मिग्रॅ/डेसिलि, १०० किंवा त्यावर ±१५ टक्के, आणि १०० पैकी ९५ निकाल या मर्यादेत. हा आकडा लक्षात ठेवला म्हणजे पुढच्या कोणत्या चुका सोसण्यासारख्या आणि कोणत्या नाहीत, ते कळतं.

स्ट्रिपमधून नेमकं काय येतं

स्ट्रिपच्या टोकाला ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डिहायड्रोजनेज हे एन्झाइम आणि एक मेडिएटर, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारं रसायन, वाळवून ठेवलेलं असतं. मेडिएटर म्हणून पोटॅशियम फेरिसायनाइड पुष्कळ ठिकाणी दिसतं. थेंब आत ओढला गेला की एन्झाइम ग्लुकोजच्या एका रेणूकडून दोन इलेक्ट्रॉन घेऊन फेरिसायनाइडच्या दोन आयनांना देतं आणि त्यांचं फेरोसायनाइड होतं. आता मोजणारा इलेक्ट्रोड (वर्किंग) त्याच्या जोडीच्या इलेक्ट्रोडपेक्षा (काउंटर) सुमारे ०.४ व्होल्ट वर ठेवला, की फेरोसायनाइड आपला इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडला देऊन पुन्हा फेरिसायनाइड होतं. हाच आपला करंट. स्ट्रिपच्या बनावटीप्रमाणे तो साधारण एक ते काही दहा मायक्रोअँपिअर भरतो.

हा करंट एका जागी थांबत नाही, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. इलेक्ट्रोडजवळचं फेरोसायनाइड संपत जातं आणि नवीन लांबून झिरपत येतं, त्यामुळे करंट वेळेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. हा कॉट्रेलचा नियम. पहिल्या सेकंदाला १० मायक्रोअँपिअर असेल तर चौथ्या सेकंदाला ५ राहतो. म्हणजे 'करंट किती' हा प्रश्न अर्धाच आहे. 'कोणत्या क्षणी' हेही सांगावं लागतं. ३ सेकंदाला मोजताना ०.१ सेकंद इकडेतिकडे झालं तर चूक १.७ टक्के, १ सेकंदाला मोजताना तेवढ्याच घोळाने ती ५ टक्के होते. घाई केली की चूक वाढते, म्हणून शिकताना ३ सेकंदांच्या आत मोजू नका.

०.४ व्होल्टच का? खूप कमी व्होल्टेजला इलेक्ट्रोडपाशी पोचलेलं सगळं फेरोसायनाइड वापरलं जात नाही आणि करंट व्होल्टेजवर अवलंबून राहतो. ते फार वाढवलं तर व्हिटॅमिन सी, पॅरासिटामॉल, युरिक ॲसिड हेही ऑक्सिडाइझ होऊन आपला करंट त्यात मिसळतात. ०.३ ते ०.४५ च्या पट्ट्यात करंट व्होल्टेजने फारसा हलत नाही, त्यामुळे रेफरन्स दहा-वीस मिलिव्होल्टने चुकला तरी बिघडत नाही.

सामान

ऑप-अँप एमसीपी६००२, आठ पायांची डीआयपी. एडीसी एडीएस१११५ चं मॉड्यूल. कंट्रोलर म्हणून ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झचा अर्डुइनो प्रो मिनी. रेफरन्स एलएम३८५-१.२. स्विच म्हणून २एन७००० मॉसफेट. तापमान मोजायला एक १० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर (तापला की रोध घटणारा रेझिस्टर), बी मूल्य ३९५०. एक १८६५० सेल आणि एमसीपी१७००-३३०२ रेग्युलेटर. मेटल फिल्म १ टक्का रेझिस्टर: २२० ओहम दोन; किलोओहममध्ये १० चे दोन, २० चा एक, २२ चे दोन, ४७ चा एक, १०० चे तीन आणि ३९० चा एक. १०० नॅनोफॅरडचे चार कपॅसिटर, त्यांतला एक पॉलिएस्टर फिल्मचा. रेग्युलेटरसाठी १ मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक, चाचणीसाठी १ मायक्रोफॅरडचा एक फिल्म.

दुकानात एमसीपी६००२ नाही म्हणून एलएम३५८ हातात दिला जातो. पाय सारखेच, म्हणून तो बसतोही. पण घेऊ नका. त्याच्या इनपुटमधून साधारण ४५ नॅनोअँपिअर वाहतात, तेवढे रीडिंगमध्ये मिसळतात. एमसीपी६००२ चा इनपुट करंट सुमारे १ पिकोअँपिअर आहे. त्याहून वाईट म्हणजे एलएम३५८ चं आउटपुट सप्लायच्या सुमारे दीड व्होल्ट खालीच थांबतं. ३.३ व्होल्टवर ते १.८ च्या वर जात नाही, म्हणजे १४ मायक्रोअँपिअरच्या पुढचा करंट कापला जातो आणि साखर खूप जास्त असताना मीटर कमीचा आकडा दाखवतं. चूक झाली हे कळतसुद्धा नाही. ऑनलाइन पार्सलची वाट पाहिलेली बरी.

जोडणी

सेलपासून रेग्युलेटर, रेग्युलेटरपासून ३.३ व्होल्ट, रेग्युलेटरच्या इनपुटला आणि आउटपुटला १ मायक्रोफॅरड. एमसीपी१७०० ची इनपुट मर्यादा ६ व्होल्ट आहे, तेव्हा ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावून पाहू नका.

एलएम३८५ चा ॲनोड ग्राउंडला, कॅथोड २२ किलोओहममधून ३.३ व्होल्टला. कॅथोडवर १.२३५ व्होल्ट मिळतात. तिथून २० किलोओहम, मग १० किलोओहम ग्राउंडला. दोघांच्या मधल्या सांध्यावर ०.४१ व्होल्ट. १० किलोओहमला समांतर १०० नॅनोफॅरड. पाय ८ ला ३.३ व्होल्ट, पाय ४ ला ग्राउंड, आणि या दोघांमध्ये अगदी आयसीला चिकटून १०० नॅनोफॅरड.

०.४१ चा सांधा पाय ३ ला आणि पाय ५ ला द्या. पाय ६ आणि ७ एकमेकांना जोडा. हा झाला बफर. पाय ७ एडीसीच्या दुसऱ्या इनपुटला. हा बफर वाया घालवलेला वाटतो, पण एडीसीची इनपुट रोधकता काही मेगाओहमच आहे. ती डिव्हायडरवर थेट लावली तर रेफरन्स किंचित सरकतो, आणि दुसरा ऑप-अँप तसाही रिकामाच होता.

पाय १ पासून पाय २ पर्यंत १०० किलोओहम, त्याला समांतर तो पॉलिएस्टर १०० नॅनोफॅरड. पाय २ पासून २२० ओहममधून वर्किंग इलेक्ट्रोड. पाय १ एडीसीच्या पहिल्या इनपुटला. काउंटर इलेक्ट्रोड २एन७००० च्या ड्रेनला, सोर्स ग्राउंडला, गेट कंट्रोलरच्या एका पिनला, आणि गेटपासून ग्राउंडला १०० किलोओहम, म्हणजे कंट्रोलर जागा होईपर्यंत मॉसफेट बंद राहतो.

थर्मिस्टर आणि उरलेला १० किलोओहम यांचा डिव्हायडर ३.३ व्होल्ट व ग्राउंड यांच्यामध्ये, मधला सांधा एडीसीच्या तिसऱ्या इनपुटला. थर्मिस्टर स्ट्रिप कनेक्टरला टेकवून बसवा, रेग्युलेटर आणि कंट्रोलरपासून लांब.

ऑप-अँप पाय २ ला पाय ३ च्या व्होल्टेजवर धरून ठेवतो. वर्किंग इलेक्ट्रोडमध्ये जाणारा करंट पाय १ कडून १०० किलोओहममधूनच यावा लागतो, म्हणून पाय १ तेवढा वर चढतो. पहिल्या आणि दुसऱ्या इनपुटमधला फरक भागिले १०० किलोओहम म्हणजे करंट. एका मायक्रोअँपिअरला १०० मिलिव्होल्ट. वरची हद्द सुमारे २८ मायक्रोअँपिअर. एडीएस१११५ ला ±४.०९६ व्होल्टच्या पट्ट्यात डिफरन्शियल मोडवर ठेवा. एक पायरी १२५ मायक्रोव्होल्टची, म्हणजे सव्वा नॅनोअँपिअर. तुमच्या स्ट्रिपचा करंट २८ च्या पुढे जात असेल तर १०० च्या जागी ४७ किलोओहम घाला आणि कपॅसिटर २२० नॅनोफॅरड करा.

तो १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर दोन कामं करतो. इलेक्ट्रोड आणि द्रव यांच्या सीमेवर एक दुहेरी थर असतो आणि तो मायक्रोफॅरडच्या घरातल्या कपॅसिटरसारखा वागतो. ऑप-अँपच्या इनपुटवर एवढा कपॅसिटर लटकला की तो डोलायला लागतो. समांतर कपॅसिटर आणि २२० ओहम मिळून त्याला स्थिर करतात. दुसरं म्हणजे १६ हर्ट्झच्या वरचा गोंगाट कमी होतो. इथे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर लावला तर त्याची गळतीच करंट म्हणून दिसेल.

रेझिस्टरवर परीक्षा

स्ट्रिप कनेक्टरच्या जागी दोन पिनांचं हेडर लावा आणि मॉसफेट चालू ठेवा. काहीच न लावता फरक शून्याजवळ हवा. एमसीपी६००२ चा ऑफसेट ±४.५ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो आणि आपण दोन ऑप-अँपमधला फरक मोजतो, म्हणून ९ मिलिव्होल्टपर्यंतची चूक चालेल. ती कंट्रोलरमध्ये जपून ठेवा आणि प्रत्येक रीडिंगमधून वजा करा. त्याहून जास्त असेल तर जोडणी किंवा गळती बघा, पुढे जाऊ नका.

मग एकेक रेझिस्टर लावा. ३९० किलोओहमला ०.१०५ व्होल्ट, १०० ला ०.४११, ४७ ला ०.८७२, २२ ला १.८५३. हे आकडे रेफरन्स नेमका ०.४११७ धरून आणि २२० ओहम हिशेबात घेऊन काढले आहेत. तुमचा रेफरन्स मल्टिमीटरने मोजा आणि त्या प्रमाणात बदला. चारही आकडे २ टक्क्यांच्या आत आले पाहिजेत. फक्त २२ किलोओहमचा कमी येत असेल तर आउटपुट वर कुठेतरी अडतंय. सेल उतरला असेल किंवा आयसी म्हणून दुसरंच काही मिळालं असेल. सगळेच सारख्या प्रमाणात चुकत असतील तर १०० किलोओहमचा रेझिस्टर मोजून पाहा.

त्यानंतर खोटी स्ट्रिप करा: २२ किलोओहमला समांतर १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, आणि या जोडीच्या पुढे २२० ओहम. मॉसफेट बंद-चालू करून आउटपुट बघा. चालू करताच ते वर जाऊन आपटेल आणि काही दहा मिलिसेकंदांत १.८३ च्या आसपास स्थिरावेल. स्थिरावण्याऐवजी थरथरत राहिलं तर समांतर कपॅसिटर नीट लागलेला नाही. ऑसिलोस्कोप नसेल तर एडीसीची रीडिंग वेगाने अर्डुइनोच्या सिरियल प्लॉटरवर, म्हणजे स्क्रीनवरच्या आलेखात, काढा, तेवढ्यातही कळतं.

या पायरीवर एक संध्याकाळ गेली तरी चालेल. स्ट्रिप महाग आहेत, रेझिस्टर नाहीत.

कनेक्टर आणि स्ट्रिपचे पाय

स्ट्रिपचा कनेक्टर सुटा मिळणं कठीण. बंद पडलेल्या मीटरमधून काढलेला सगळ्यात बरा. स्ट्रिपवर दोनापेक्षा जास्त पट्ट्या असतात: वर्किंग, काउंटर, कधी थेंब पूर्ण भरला का हे पाहणारा तिसरा, आणि स्ट्रिप आत सरकवताच मीटरला जागं करणारा एक जोड. कोरडी स्ट्रिप घेऊन मल्टिमीटरने पट्ट्या तपासा. ज्या दोन पट्ट्या आपसांत थेट जोडलेल्या निघतील तो जागं करणारा जोड; तो वर्किंग आणि काउंटर समजून लावला तर आउटपुट ३.३ ला चिकटेल. बाकीच्या पट्ट्या भिंगातून पारदर्शक आवरणाखाली टोकापर्यंत माग काढत जा.

वर्किंग आणि काउंटर उलटे लावले तर सर्किट तक्रार करत नाही, ही इथली गोम. व्होल्टेजची दिशा सर्किट ठरवतं, त्यामुळे करंट येतोच, तोही पटण्यासारखा. पण दोन्ही इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ आणि त्यांवरचा लेप सारखा असेलच असं नाही. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी पाच स्ट्रिप मोजा. जिकडे आकडे एकमेकांच्या जवळ येतात आणि साखर वाढवल्यावर सरळ वाढतात ती बाजू बरोबर. या शोधाशोधीसाठी मुदत संपलेल्या स्ट्रिप वापरा, मेडिकलवाल्याकडे पडून असतात.

मोजण्याचा क्रम

कंट्रोलरने असं चालायचं. स्ट्रिप लावली की मॉसफेट चालू, आणि कोरड्या स्ट्रिपचा करंट बघायचा. तो २० नॅनोअँपिअरच्या आत हवा. जास्त असेल तर स्ट्रिप ओलावलेली आहे किंवा कनेक्टर मळलेला आहे. पुढे न जाता तसं दाखवायचं. थेंब लागला की करंट उसळतो. ०.५ मायक्रोअँपिअरच्या वर सलग तीन रीडिंग आली की घड्याळ सुरू आणि मॉसफेट बंद. एन्झाइमला ३ सेकंद काम करू द्या. मग मॉसफेट चालू करा, आणि चालू केल्यापासून २.९ ते ३.१ सेकंदांमधल्या सगळ्या रीडिंगची सरासरी घ्या.

ही २०० मिलिसेकंदांची खिडकी मुद्दाम निवडली आहे. आपली लाइन ५० हर्ट्झची, एक फेरा २० मिलिसेकंदांचा. बरोबर दहा फेरे मावले की लाइनचा गोंगाट सरासरीत आपोआप मिटतो. एडीएस१११५ सेकंदाला २५० नमुन्यांवर ठेवा, पण पन्नास नमुने मोजून थांबू नका, कारण त्याचं आतलं घड्याळ १० टक्क्यांपर्यंत चुकू शकतं. कंट्रोलरच्या घड्याळाने २०० मिलिसेकंद होईपर्यंत जेवढे येतील तेवढे घ्या.

सोबत १.५ सेकंदाच्या आसपासही एक सरासरी घेऊन ठेवा. ३ सेकंदाचा करंट त्याच्या ०.७१ पट असायला हवा. हे गुणोत्तर फार वेगळं आलं तर थेंब अपुरा आहे, स्ट्रिप बिघडलेली आहे किंवा कुठेतरी गळती आहे. गळतीचा करंट काळाबरोबर घटत नाही, त्यामुळे ती असली की गुणोत्तर १ कडे सरकतं. दोन ओळींच्या कोडमध्ये एवढी चांगली राखण दुसरी मिळणार नाही.

कॅलिब्रेशनची द्रावणं

माणसाचं रक्त वापरू नका, गरजही नाही. मेडिकलमध्ये मिळणारी ५ टक्के डेक्स्ट्रोजची सलाइनची बाटली घ्या. १०० मिलीत ५ ग्रॅम, म्हणजे ५००० मिग्रॅ/डेसिलि. लेबलवर निर्जल डेक्स्ट्रोज लिहिलंय की मोनोहायड्रेट ते वाचा: १.१ ग्रॅम मोनोहायड्रेट म्हणजे १ ग्रॅम निर्जल, आणि हा फरक न धरल्यास सगळी मापं ९ टक्क्यांनी चुकतात.

पातळ करायला साधं पाणी नको, फॉस्फेट बफर सलाइन हवं. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात सोडियम क्लोराइड ८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट १.४४ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.२४ ग्रॅम, पीएच ७.४. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये हे चारही असतात. क्षार नसले की द्रवातून करंट नीट वाहत नाही आणि आकडे भरकटतात.

५० मिलीच्या मेजरिंग फ्लास्कमध्ये डेक्स्ट्रोज घालून बफरने रेघेपर्यंत भरा: ०.५ मिलीला ५०, १ मिलीला १००, २ मिलीला २०० आणि ४ मिलीला ४०० मिग्रॅ/डेसिलि. ०.५ मिली मोजायला यू-४० इन्सुलिन सिरिंज उत्तम. २० युनिट म्हणजे ०.५ मिली. सिरिंजवर यू-१०० लिहिलं असेल तर ५० युनिट. हा घोळ सर्रास होतो. एक फ्लास्क नुसत्या बफरचाही ठेवा.

लॅबमधली ग्लुकोज पावडर विरघळवून लगेच वापरली तर आकडे तासागणिक बदलतात. ग्लुकोज ऑक्सिडेज फक्त बीटा रूपातल्या ग्लुकोजवर काम करतं, आणि पावडर बहुधा अल्फा रूपात असते. पाण्यात दोन्हींचा समतोल साधायला वेळ लागतो. द्रावण रात्रभर ठेवा. सलाइनच्या बाटलीत हा समतोल आधीच झालेला असतो. किराणा दुकानातली, उन्हाळ्यात पिण्याची ग्लुकोज पावडर घेऊ नका. तिच्यात व्हिटॅमिन सी असेल तर ते स्वतःच फेरिसायनाइडला इलेक्ट्रॉन देतं आणि साखरेशी संबंध नसलेला करंट वाढवतं. उरलेलं द्रावण फ्रिजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत टाकून द्या. त्यात जंतू वाढून साखर खातात.

प्रत्येक द्रावणाला किमान पाच स्ट्रिप. समजा ५० ला १.४ मायक्रोअँपिअर, १०० ला २.५, २०० ला ४.७ आले. उतार ०.०२२ मायक्रोअँपिअर प्रति मिग्रॅ/डेसिलि आणि मूळचा करंट ०.३. याच हिशेबाने ४०० ला ९.१ यायला हवे होते आणि ८.७ आले, तर घाबरू नका. साखर वाढली की तीन सेकंदांत एन्झाइम पुरं पडत नाही आणि रेघ वाकते. २०० च्या पुढे वेगळा उतार वापरा. मूळचा ०.३ मात्र नुसत्या बफरशी ताडून पाहा. उन्हात किंवा दमटात राहिलेल्या स्ट्रिपमध्ये थोडं फेरिसायनाइड आपोआप फेरोसायनाइड होतं आणि हा करंट वाढत जातो. त्याची झळ कमी साखरेच्या रीडिंगला जास्त बसते.

ही रेघ पाण्यातल्या साखरेची आहे. रक्तात पेशी असतात, विसरण हळू होतं, उतार वेगळा येतो. तोच उतार घेऊन रक्ताचा आकडा सांगता येत नाही.

ऊन

द्रवातला विसरणांक (रेणू द्रवात किती वेगाने पसरतात ते माप) अंशागणिक साधारण २ टक्क्यांनी वाढतो. करंट त्याच्या वर्गमुळाशी बांधलेला, म्हणजे सुमारे १ टक्का. एन्झाइमचा वेग त्यात आपली भर घालतो. तुमच्या स्ट्रिपचा गुणांक स्वतःच काढावा लागतो: २०० चं द्रावण, स्ट्रिप आणि मीटर तिन्ही एकाच जागी अर्धा तास ठेवून एकदा सकाळी २५ अंशांच्या आसपास आणि एकदा दुपारी ३८-४० ला मोजा. समजा गुणांक १.२ टक्के निघाला. मग ४० अंशांवर मोजलेल्या करंटला १.१८ ने भागायचं. न भागल्यास १०० चे ११८ दिसतील, म्हणजे एकट्या उन्हानेच आयएसओची सगळी सवलत खाऊन टाकली.

थर्मिस्टर २५ अंशांना १० किलोओहम, ४० ला ५.३, ४५ ला ४.३५ दाखवतो. १० ते ४० च्या बाहेर गेलं की मीटरने रीडिंग द्यायला नकार द्यावा. नवतप्यात दुपारी बाराला हे यंत्र बंदच राहील असं वाटतं, आणि खरंच तसं व्हायला हवं; माठ ठेवलेल्या कोपऱ्यात अर्धा तास ठेवून मग मोजा. गाडीच्या डिकीतून किंवा आशाताईंच्या पिशवीतून नुकतं काढलेलं मीटर अजून तापलेलं असतं, थेंब खोलीच्या तापमानाचा असतो, आणि थर्मिस्टर मीटरचं तापमान सांगतो. दहा सेकंदांत तापमान अर्ध्या अंशाहून जास्त सरकत असेल तर थांबायला सांगणारी एक ओळ कोडमध्ये घाला.

स्ट्रिपची डबी गार राहावी म्हणून फ्रिजमध्ये ठेवून लगेच उघडली तर आत दव धरतं. बहुतेक स्ट्रिपना ४ ते ३० अंशांची साठवण लागते, आणि स्ट्रिप काढली की झाकण लगेच लावा. डबीतला ओलशोषक फेकू नका.

रक्त पातळ असलं की

रक्तात तांबड्या पेशी कमी असतील तर त्याच साखरेला करंट जास्त येतो आणि मीटर जास्त साखर दाखवतं. पेशी जास्त असतील तर उलट. पूर्व विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा भागांत सिकलसेल पुष्कळ आहे, आणि ॲनिमिया तर सगळीकडेच. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशींचं आयुष्य कमी असल्याने एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी) तपासणीही विश्वासाची राहत नाही, म्हणून ग्लुकोजच्या थेट मोजणीवर भार येतो, आणि नेमकी तीच पातळ रक्ताने वर सरकते. काही मीटर स्ट्रिपला उच्च वारंवारतेचा एसी सिग्नल देऊन रक्ताचा रोध मोजतात आणि त्यावरून दुरुस्ती करतात. आपल्या सर्किटमध्ये ती सोय नाही. प्रोजेक्ट अहवालात हे स्पष्ट लिहा, परीक्षक विचारतीलच.

डिहायड्रोजनेजच्या स्ट्रिपची एक खोड माहीत असावी: पीक्यूक्यू प्रकारचं एन्झाइम माल्टोजलाही ग्लुकोज समजतं. पोटातून डायलिसिस घेणाऱ्या काही रुग्णांच्या द्रवामुळे रक्तात माल्टोज येतं, आणि त्यांची साखर खोटी वाढलेली दिसते. २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने याबद्दल इशारा दिला होता.

बिघाड कुठे शोधायचा

दुपारपर्यंत शून्य ठीक आणि संध्याकाळी सरकलेलं, असं पावसाळ्यात होत असेल तर बोर्ड धुवा. झिरो पीसीबीवर सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स ओल धरतो आणि वर्किंग-काउंटरमध्ये मेगाओहमभर रोधाची वाट तयार होते. ०.४१ व्होल्टला १ मेगाओहम म्हणजे ०.४१ मायक्रोअँपिअर, वरच्या उताराने जवळजवळ १९ मिग्रॅ/डेसिलि. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, मग उन्हात वाळवणं. त्यानंतर पाय २ च्या आसपास बोटांनी धरू नका. स्वतःचा पीसीबी काढत असाल तर पाय २ च्या ट्रॅकभोवती पाय ७ च्या व्होल्टेजचं कडं फिरवा. दोन्हीकडे एकच व्होल्टेज असलं की गळती वाहायला कारणच उरत नाही.

आकडे सारखे नाचत असतील तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. दोन पायांच्या किंवा अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर चार्जर यूएसबीच्या तारेतून लाइनचा गोंगाट बोर्डात आणतो. रीडिंग बॅटरीवर घ्या, नंतर केबल लावून डेटा उतरवा. पॉवर बँक यासाठी नको. एवढा कमी करंट बघून ती स्वतःच बंद होते. टेबल कूलरच्या समोर तर मांडूच नका. कूलरची मोटर चालू-बंद होताना झटके देते आणि त्याचा दमट वारा थेट कनेक्टरवर आणि उघड्या डबीवर येतो.

एकाच द्रावणाच्या पाच स्ट्रिपमध्ये ५ टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल आणि खोट्या स्ट्रिपवर आकडा ठाम असेल, तर सर्किटला हात लावू नका. थेंब अर्धवट भरतोय, कनेक्टरचे स्प्रिंग सैल झालेत किंवा स्ट्रिप जुन्या आहेत. स्ट्रिप थेंबाला बाजूने लावा, वरून ओतू नका.

तीन इलेक्ट्रोडच्या लॅबच्या स्क्रीन-प्रिंटेड पट्ट्या मिळाल्या तर हेच सर्किट पुरत नाही. काउंटर चालवायला आणि रेफरन्स इलेक्ट्रोडवर नजर ठेवायला आणखी एक ऑप-अँप लागतो. तिथे एलएमपी९१००० चं तयार मॉड्यूल घेणं शहाणपणाचं: बायस रेफरन्सच्या ० ते २४ टक्के, गेन आतलाच २.७५ ते ३५० किलोओहम. २.५ व्होल्टच्या रेफरन्सवर १६ टक्के निवडले की ०.४ व्होल्ट मिळतात. मोजण्याचा क्रम, द्रावणं आणि तापमानाची दुरुस्ती तीच. नवीन डबी उघडली की लॉट नंबर बघा. तो बदलला असेल तर निदान १०० आणि ४०० ची द्रावणं पुन्हा मोजून उतार नवीन घाला.